"एकदा तरी पिल्लं होऊ द्या" हा सल्ला ऐकू नका

कुत्री किंवा मांजर घरात आली की सल्ले देणारे आपोआप जमा होतात. त्यातला एक सल्ला जवळजवळ प्रत्येक घरात पोहोचतो : "नसबंदी करायची तर करा, पण आधी एकदा तरी पिल्लं होऊ द्या. मग ती निरोगी राहते." शेजारच्या काकू सांगतात, सकाळी कुत्रा फिरवताना भेटणारे सांगतात, घरातल्या आजी सांगतात. पिल्लं विकणारा तर हमखास सांगतो. आणि वाईट याचं वाटतं की अधूनमधून आमच्या व्यवसायातली माणसंही हेच सांगतात.

सांगणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं. पण सल्ला चुकीचा आहे. त्याची किंमत तुमच्या प्राण्याला मोजावी लागते, तीही बहुतेक वेळा सात-आठ वर्षांनी. तोवर सल्ला देणारा तो विसरूनही गेलेला असतो. म्हणून आज या विषयावर आडपडदा न ठेवता लिहायचं ठरवलं आहे.

ती "पाळी" नव्हे

पहिला गोंधळ इथेच होतो. कुत्रीला रक्तस्राव सुरू झाला की घरचे म्हणतात, "हिला पाळी आली." बाईच्या शरीरात गर्भ राहिला नाही की शेवटी रक्तस्राव होतो. कुत्रीत उलटं असतं. रक्तस्राव ही हीटची सुरुवात असते आणि गर्भ राहण्याचे दिवस त्याच्यानंतर येतात. लहान जातीच्या कुत्र्यांत पहिली हीट साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात येते, मोठ्या जातींत वर्षभरानेही येते. पुढे दर सहा-सात महिन्यांनी हे चक्र चालू राहतं. आणि कुत्रीची हीट म्हातारपणी कायमची बंद होत नाही. दोन हीटमधलं अंतर वाढतं, इतकंच. दहा वर्षांची कुत्रीसुद्धा हीटवर येते.

आता मुख्य मुद्दा. हीट संपल्यावर कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं आणि सुमारे दोन महिने वाढलेलंच राहतं. गर्भ राहिला असला तरी, आणि राहिला नसला तरी. म्हणजे पिल्लं नसतानाही तिची गर्भपिशवी दोन महिने पिल्लांची तयारी करत बसते. आतलं अस्तर जाड होतं, ग्रंथींतून स्राव येऊ लागतो, पिशवीचं आकुंचन थंडावतं. गर्भ बाहेर फेकला जाऊ नये म्हणून तिथली प्रतिकारशक्तीही खाली येते.

ही सगळी सोय गर्भासाठी असते, पण जंतूंनाही तीच लागते. हीटच्या दिवसांत गर्भपिशवीचं तोंड उघडं असतं. शौचाच्या जागेजवळचे ई. कोलाय जंतू त्या वाटेने वर चढतात. नंतर तोंड बंद होतं आणि जंतू आत अडकतात. दर सहा महिन्यांनी हेच घडत राहिलं की काही वर्षांत अस्तर खराब होतं, आणि एखाद्या हीटनंतर पिशवीत पू भरतो. या आजाराला पायोमेट्रा म्हणतात.

हा दुर्मीळ आजार नाही

स्वीडनमध्ये कुत्रीची नसबंदी सरसकट करण्याची पद्धत फारशी नव्हती, आणि तिथे कुत्र्यांचा विमा मोठ्या प्रमाणावर काढला जातो. त्यामुळे नसबंदी न केलेल्या कुत्र्यांचं पुढे काय होतं, याची चांगली नोंद तिथल्या विम्याच्या आकड्यांतून मिळाली. वयाची दहा वर्षं पूर्ण होईपर्यंत साधारण चार-पाच माद्यांमागे एकीला पायोमेट्रा झाला होता. काही जातींत हे प्रमाण याहूनही बरंच जास्त होतं.

चार-पाचातली एक. तुमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी जमणाऱ्या, नसबंदी न झालेल्या माद्या मोजा. मग हा आकडा डोळ्यांसमोर येईल.

लक्षणं नीट लक्षात ठेवा. हीट संपून दोन ते आठ आठवडे झालेत आणि

- ती अचानक खूप पाणी पिऊ लागली, सारखी लघवी करू लागली,
- जेवण सोडलं, मलूल झाली,
- उलट्या होऊ लागल्या,
- मागून पू किंवा घाण वासाचा तपकिरी, लालसर स्राव येऊ लागला,
- किंवा स्राव काहीच नाही, पण पोट फुगलेलं दिसतंय,

तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शेवटचा प्रकार सगळ्यात धोक्याचा. तिथे पिशवीचं तोंड बंद असतं आणि पू बाहेर पडायला वाटच नसते. पिशवी आतल्या आत फुटली तर पू सगळ्या पोटात पसरतो.

पाणी जास्त पिण्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथेच सर्वाधिक वेळ वाया जातो. जंतूंच्या विषामुळे मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. पाणी वाहून जातं, म्हणून तहान लागते. घरच्यांना वाटतं, "उन्हाळा आहे, पीत असेल." जेवत नाही म्हटल्यावर दही-भात दिला जातो, दोन दिवस वाट पाहिली जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जी कुत्री टेबलावर येते तिच्या रक्तात विष भिनलेलं असतं, अंगात पाणी राहिलेलं नसतं, मूत्रपिंड थकलेलं असतं. आणि अशा अवस्थेत तिला भूल देऊन ऑपरेशन करावं लागतं.

तुम्ही ऑपरेशन टाळत नाही

"एवढ्याशा जिवावर कशाला कात्री चालवायची?" हा प्रश्न प्रेमापोटी येतो, हे मला मान्य आहे. पण पायोमेट्रावरचा खात्रीचा उपाय काय आहे? तेच ऑपरेशन. गर्भपिशवी आणि अंडाशय काढणं. काही निवडक माद्यांत औषधांनी पू काढता येतो, पण पुढच्या एखाद्या हीटनंतर आजार उलटण्याची शक्यता राहते.

म्हणजे निवड "ऑपरेशन करू की नको" अशी नाही. निवड कधी करायचं याची आहे. एका बाजूला वर्ष-दीड वर्षाची, धडधाकट, रक्ततपासणी चांगली असलेली मादी. तिची पिशवी बोटाएवढी बारीक असते, आणि बहुतेक वेळा ती त्याच दिवशी घरी जाते. दुसऱ्या बाजूला नऊ वर्षांची, तापाने फणफणलेली, सलाईनवर असलेली मादी. तिची पिशवी पुवाने टम्म फुगलेली, हात लावला तर फाटेल अशी. पहिल्या ऑपरेशनची तारीख तुम्ही ठरवता. दुसऱ्याची तारीख आजार ठरवतो, आणि तो दिवाळी, रविवार, मध्यरात्र काही पाहत नाही. खर्चही मग कित्येक पटींनी वाढतो.

वेळेत आलेल्या बहुतेक माद्या वाचतात, हेही सांगतो. सगळ्या मात्र वाचत नाहीत.

एकदा पिल्लं झाली की धोका टळतो?

या सल्ल्याच्या बाजूने जे थोडंफार बोलता येईल ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. काही अभ्यासांत पिल्लं झालेल्या माद्यांना पायोमेट्रा थोडा कमी झाल्याचं दिसलं आहे. पण हा फायदा सगळ्या जातींत सारखा नाही, काही जातींत तर दिसतच नाही. आणि पिल्लं झाल्यानंतरही हीट येतच राहते, प्रत्येक हीटनंतर ते दोन महिने येतातच. तिसऱ्या वर्षी झालेली पिल्लं नवव्या वर्षाच्या गर्भपिशवीचं रक्षण करतील, या भरवशावर राहणं शहाणपणाचं नाही. काढलेल्या पिशवीत मात्र पू होत नाही.

स्तनांच्या गाठींचं काय? मादी कुत्र्यांत दिसणाऱ्या गाठींमध्ये या सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहेत. ढोबळमानाने त्यातल्या निम्म्या कॅन्सरच्या निघतात. मांजरीत चित्र आणखी वाईट आहे, तिथे दहातल्या आठ-नऊ गाठी कॅन्सरच्या असतात. बाईने मूल झाल्यावर अंगावर पाजलं तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, ही गोष्ट माणसांबद्दल खरी आहे. तीच कुत्रीला लावली जाते. पण पिल्लं झाल्याने कुत्रीला असं संरक्षण मिळतं याला आधार नाही.

नसबंदीने मिळतं का? १९६९ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासाचे आकडे आजही सगळीकडे सांगितले जातात : नसबंदी न केलेल्या मादीच्या तुलनेत, पहिल्या हीटआधी नसबंदी केली तर धोका अर्धा टक्का, पहिल्या हीटनंतर केली तर ८ टक्के, दुसऱ्या हीटनंतर केली तर २६ टक्के उरतो. २०१२ मध्ये या विषयावरच्या सगळ्या अभ्यासांचा फेरआढावा घेतला गेला, तेव्हा हा पुरावा समजला जातो तितका भक्कम नाही, असं तज्ज्ञांनी म्हटलं. म्हणून त्या नेमक्या आकड्यांवर मी माझा युक्तिवाद उभा करत नाही. मांजरींबाबत पुरावा अधिक चांगला आहे : सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी आढळला. कुत्र्यांसाठी माझा मुख्य आधार पायोमेट्रा आहे, आणि तो पुरेसा आहे.

"तिलाही आई व्हावंसं वाटत असेल ना!"

हीटनंतर दीड-दोन महिन्यांनी काही माद्या घरातली खेळणी, मोजे, चपला गोळा करून कुशीत घेऊन बसतात. स्तनांत दूध येतं. कोणी जवळ गेलं की गुरगुरतात. घरातल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं : "बघा, हिला पिल्लं हवीत."

याला खोटी गर्भधारणा म्हणतात. प्रोजेस्टेरॉन उतरतं, दुधाचं हार्मोन वाढतं, आणि शरीर पिल्लं झाल्यासारखं वागू लागतं. पिल्लं झाल्यावरही पुढच्या हीटनंतर हे पुन्हा होऊ शकतं, म्हणजे ही इच्छा "पूर्ण" करून तो प्रकार थांबत नाही. कुत्री सुनेसारखी घरात बसून आपली ओटी भरण्याची वाट पाहत नसते. आपल्या मनातलं आपण तिच्यावर लादतो. (त्या दिवसांत दूध पिळू नका. पिळलं की आणखी येतं. आणि नसबंदीही त्या दिवसांत करू नये, ते सगळं शांत झाल्यावर करावी.)

दुसरा मुद्दा निसर्गाचा. "हे निसर्गाच्या विरुद्ध आहे, पाप लागेल." कुत्र्याचा पूर्वज लांडगा. लांडग्यांच्या कळपात साधारणपणे एकाच जोडीला पिल्लं होतात, बाकीच्या माद्या त्यांच्या संगोपनात मदत करतात. प्रत्येक मादीला पिल्लं व्हायलाच हवीत हा नियम निसर्गातही नाही. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या टू-बीएचकेमध्ये, वर्षातून दोनदा, तीन-तीन आठवडे दार बंद करून तिला कोंडून ठेवणं, यात तरी निसर्ग कुठे आहे?

पिल्लं कुठे जातात?

"सगळ्यांनी आधीच सांगून ठेवलंय, एकेक घेऊन जातील." हे वाक्य पिल्लं होण्याआधी सगळेच म्हणतात. लॅब्रेडॉरला एका वेळी सात-आठ पिल्लं सहज होतात. साठ दिवसांनी, जेव्हा ती घरभर शी-शू करत असतात आणि प्रत्येकाच्या लसीची वेळ आलेली असते, तेव्हा त्या आठ जणांपैकी तिघे फोन उचलत नाहीत. उरलेली पिल्लं ज्याला त्याला दिली जातात. त्यातली काही गच्चीवर बांधली जातात, काही लसीविना पार्व्होने जातात, काही रस्त्यावर येतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी आपण सोसायटीच्या सभेत तावातावाने बोलतो, पण त्यात आपल्या घरांतूनही भर पडते हे बोलत नाही.

मांजरीचं गणित आणखी वेगवान. चार-पाच महिन्यांची मांजरी गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत पिल्लं होतात, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते.

कायद्याचंही ऐका. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव प्राण्याचं लसीकरण, जंतनाशक औषध आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. आणि पिल्लांची पैदास करून विकायची तर २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. "एकदाच करू, विकून लसीचा खर्च निघेल" म्हणणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

गोळ्या आणि इंजेक्शनं : पळवाटा नकोत

ऑपरेशन नको म्हणून काही जण मांजरीला किंवा कुत्रीला माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या देतात. मेडिकलवाला देतो, घरचे देतात. हीट थांबवण्याची हार्मोनची इंजेक्शनंही दिली जातात. यात बहुधा प्रोजेस्टेरॉनच्या जातीचंच औषध असतं. म्हणजे ज्या हार्मोनमुळे पायोमेट्रा होतो तेच आपण बाहेरून देतो. मांजरीत या औषधांनी स्तन इतके सुजतात की जमिनीला टेकतात. नको त्या वेळी मेटिंग झालं म्हणून इस्ट्रोजेनचं इंजेक्शन देण्याची जुनी पद्धतही धोक्याची आहे. त्याने पायोमेट्राचा धोका वाढतो आणि कुत्रीच्या हाडांतल्या मगजावर परिणाम होऊन रक्तपेशी तयार होणं थांबू शकतं. चुकून मेटिंग झालं तर घाबरू नका, डॉक्टरांशी बोला. त्यावर आज याहून सुरक्षित उपाय आहेत.

नसबंदीचे तोटे नाहीत का?

आहेत. ते लपवणारा डॉक्टर तुमची फसवणूक करतो.

वजन वाढतं. नसबंदीनंतर भूक वाढते आणि शरीराची गरज कमी होते. खाणं साधारण पाव हिश्शाने कमी करावं लागतं. ताटातली पोळी, बिस्किटं, "शेवटचा घास" हे सगळं मोजलं पाहिजे. लठ्ठपणा येतो तो आपण वाढलेल्या जास्तीच्या अन्नातून, आणि तो आपल्या हातात असतो.

काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींत, पुढे झोपेत लघवी सुटते. त्रास होतो, पण बहुतेकींना औषधाने आराम पडतो.

आणि मोठ्या जातींत घाई नको. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांत सांध्यांचे विकार जास्त दिसले, आणि गोल्डन माद्यांत काही कॅन्सरचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. पुढे २०२० मध्ये त्यांनीच ३५ जाती तपासल्या, तेव्हा लहान जातींत सांध्यांचा असा धोका दिसला नाही. म्हणून मोठ्या जातीत वाढ पूर्ण होईपर्यंत थांबणं, आणि गोल्डनसारख्या जातीत डॉक्टरांशी बसून सविस्तर बोलणं योग्य. पण यातला एकही मुद्दा "आधी एकदा पिल्लं होऊ द्या" असं सांगत नाही. वय पाहून थांबणं वेगळं आणि पिल्लांसाठी थांबणं वेगळं.

मग कधी करायची?

- मांजरी : चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान, पहिल्या हीटआधी.
- लहान व मध्यम कुत्री आणि आपली देशी कुत्री : साधारण सहा महिन्यांना. डॉक्टर तपासून नेमकी वेळ सांगतील.
- लॅब्रेडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर : वर्ष ते दीड वर्षानंतर, जातीप्रमाणे.
- हीट येऊन गेली असेल तर त्यानंतर दोन ते तीन महिन्यांनी.
- पाच, सात, नऊ वर्षांची झाली म्हणून वेळ गेली असं नाही. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून मोठ्या वयातही ऑपरेशन करता येतं. पायोमेट्राचा धोका वयाबरोबर वाढतो, म्हणून मोठ्या वयात तर हा विचार अधिकच करावा.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : रक्ततपासणी करणार का, भूल कोणती आणि त्या वेळी लक्ष कोण ठेवणार, आणि नंतर वेदनाशामक किती दिवस. हे प्रश्न विचारल्याचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. वेदनेसाठी घरातली माणसांची गोळी मात्र देऊ नका. मांजरीला पॅरासिटामॉल जीवघेणं ठरतं.

आणि जोवर नसबंदी झालेली नाही तोवर दोन कामं करा. प्रत्येक हीटची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि पुढचे दोन महिने तिच्या पाण्याच्या भांड्यावर लक्ष ठेवा. महिन्यातून एकदा तिला उताणी झोपवून पोटावरून हात फिरवताना दोन्ही बाजूंचे स्तन चाचपा. दाण्याएवढी गाठ लागली तरी दाखवा, वाढायची वाट पाहू नका.

पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "एकदा तरी पिल्लं होऊ द्या," तर त्यांना एवढंच विचारा : आठ वर्षांनी, ऐन रात्री हिच्या पोटात पू झाला, तर दवाखान्यात तुम्ही येणार का? उत्तर ऐका आणि सकाळी नसबंदीची तारीख घ्या.